नदीकाठची सोपी वाट

लिफ्टचं दार मिटलं आणि दादाने खिशातून ती छोटी बाटली काढली. तळहातावर जंतुनाशकाचे थेंब घेतले, हात चोळले, बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवला, आणि मग, शेजारी धाकटी बहीण उभी आहे हे जणू विसरूनच, दोन ओली बोटं स्वतःच्या ओठांवरून फिरवली. एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. झालं ते एवढंच. वर चौथ्या मजल्यावरच्या घरात त्याच ओठांनी त्याने आत्ताच आईच्या कपाळाचा मुका घेतला होता, इतका हळुवार, की आईला सांभाळणाऱ्या मावशींनी ते बघून डोळे पुसले होते. लिफ्ट खाली उतरत होती आणि बारकीच्या पोटातून काहीतरी वर चढत होतं.

बारकी आता काही बारकी राहिली नव्हती. पन्नाशी उलटली होती, कंबर रुंदावली होती, लिफ्टच्या आरशात तिने दादापेक्षा जास्त जागा अडवली होती. पण शेंडेफळ म्हणून चिकटलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. ती हॉस्पिटलच्या तपासणी प्रयोगशाळेत कामाला होती. माणसाच्या अंगातून जे जे म्हणून बाहेर पडतं ते ते झाकणबंद डब्यांतून रोज सकाळी तिच्यापुढे येऊन बसे. थुंकी, पू, लघवी, शौच. नव्या पोरी पहिल्या आठवड्यात तोंड दाबून बाहेर पळत. बारकी डब्याचं झाकण उघडून, त्यातलं काडीवर घेऊन, काचेवर पसरून शेजारच्या खोलीत जाऊन निवांत चहा पिई. तिचा साहेब म्हणायचा, देवाने हिला नाक बसवलं पण आतली तार जोडायला विसरला. त्यामुळे लिफ्टमध्ये पोटातून वर आलं त्याचं नावच तिला पटकन आठवेना. आधी वाटलं पित्त असेल. मग वाटलं दुपारचं जेवण बाधलं. तळमजला आला, दार उघडलं, दादाच्या अंगावरचा महागड्या साबणाचा थंड वास तिच्या नाकावरून गेला आणि तिला कळलं, ही किळस आहे. तीही दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची नव्हे, समोरच्या या गुळगुळीत दाढी केलेल्या, इस्त्रीच्या शर्टातल्या स्वच्छ माणसाची.

दादा परदेशातून आठवडाभरासाठी आला होता आणि नदीकाठच्या हॉटेलात उतरला होता. घरात तुम्हाला अडचण नको, म्हणाला होता. रोज संध्याकाळी तो तासभर आईपाशी बसे, तिचा चालता हात हातात घेई, लहानपणच्या गोष्टी सांगे आणि मग बारकीला म्हणे, चल, पाय मोकळे करून येऊ. नदीच्या कडेने आता नवीन पायवाट झाली होती. सुरुवातीलाच तिचा फलक होता, वर चालणाऱ्या माणसाचं हिरवं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘सोपी वाट’. चढ नाही, पायऱ्या नाहीत, हृदयरोग्यांनी व ज्येष्ठांनी अवश्य लाभ घ्यावा. दादाला त्या वाटेचं कोण कौतुक. फरशा कशा एकसारख्या बसवल्यात, दिव्यांचे खांब कसे बेताचे उंच, कठडा कसा नेमका कोपर टेकेल एवढा. आपल्या वेळी काय होतं इथे, नुसता नरक होता, तो म्हणे, आणि हात पसरून छाती भरून श्वास घेई. बारकी त्याच्या बाजूने चाले आणि तिला ते पाणी दिसे. खाली कुठेतरी बांध घालून अडवलेलं, हलायचं विसरलेलं. कठड्यावर फुलांच्या कुंड्या ओळीने ठेवल्या होत्या आणि जिथे त्या जास्त दाट होत्या तिथे खालच्या जाळीतून सांडपाण्याचा राखाडी लोट नदीत शिरत होता. साबणाच्या फेसाचे पांढरे गोळे काठाला लागून थरथरत होते. एक बदक त्यातून वाट काढत चाललं होतं, मान ताठ, जणू कुणाच्या तरी मेजवानीला निघालंय. या सगळ्याची तिला कधी शिसारी आली नव्हती. पाणी आहे, त्यात घाण आहे, घाण कुठे ना कुठे जाणारच. आज मात्र त्या कुंड्यांतली लाल फुलं बघूनच तिच्या जिभेखाली पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

त्यांच्या लहानपणी याच नदीवरच्या पुलावरून शाळेत जावं लागे. आई त्याच शाळेत शिक्षिका होती. पूल आला की ती दोघांना म्हणायची, श्वास धरा, आणि तिघंही गाल फुगवून पूल ओलांडत. दादा मध्येच हरायचा. श्वास सुटायचा, नदीचा वास आत शिरायचा आणि तो कठड्याला धरून ओकायचा. तो कशानेही ओकायचा. अंड्याच्या वासाने, बसच्या धुराने, पाहुण्यांच्या डोक्याच्या तेलाने. आई त्याचं कपाळ तळव्यात धरून उभी राहायची, होऊ दे, होऊ दे म्हणत. आणि बारकी, जेमतेम टेबलाएवढी, पाण्याचा तांब्या आणायची, जुनं फडकं आणायची आणि गुडघ्यांवर बसून जमीन पुसायची. माझी शहाणी ती, आई म्हणायची, हिला बघा कशाचं काही वाटत नाही. ते वाक्य बारकीने बक्षिसासारखं जपलं. पुढे घरात रीतच पडून गेली, एकाने ओकायचं आणि एकीने पुसायचं. बाबा गेले तेव्हाही तेच. दादा बाहेर ओट्यावर डोकं धरून बसला, आणि बाबांच्या अंगाखालची चादर बदलली बारकीने. मग दादा शिकायला गेला, तिकडचाच झाला. आणि बारकीचं लग्न ठरता ठरता राहिलं ते राहिलंच. मुलगा म्हणे तिच्या नोकरीचं स्वरूप ऐकून गप्प झाला. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा पुसायचं कुणी, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

आज दादा रोजच्या बाकापाशी वळला नाही. थोडं पुढे जाऊ या, म्हणाला. काल ते दुसऱ्या पुलापर्यंत गेले होते, परवा त्याच्या अलीकडच्या कारंज्यापर्यंत. रोज थोडं थोडं पुढे. पळणारी माणसं कानात गाण्याची बोंडकं घालून त्यांना ओलांडून जात, प्रत्येकाच्या पाठीवर घामाचा तोच एक नकाशा. एक बाई कुत्र्यामागून वाकून, हातावर पिशवी उलटी घालून, कुत्र्याचं ते गोळा करत होती आणि दुसऱ्या हाताने फोनवर बोलत हसत होती. वाट खरंच सोपी होती. पायाला काही जाणवत नव्हतं, दम लागत नव्हता, थांबायला निमित्त मिळत नव्हतं. आणि वळणावर ती इमारत आली. पांढरी, काचेची, नदीकडे तोंड करून बसलेली. दादा थांबला, घसा खाकरला.

बारकीला एका क्षणात सगळं कळलं. आठवडाभराचं ते पाय मोकळे करणं, ते कौतुक, ते रोज थोडं पुढे जाणं. ताकाला जाऊन भांडं लपवत होता दादा. एखाद्या वासराला नवा गोठा दाखवताना आधी आजूबाजूचं गवत चारावं तसं तिला चारत चारत इथवर आणलं होतं. दादा भराभरा बोलत सुटला. वृद्धांसाठीची जागा आहे, चांगली आहे, सकाळी मित्राकडे जातो असं सांगून तो इथेच यायचा, तिथल्या बाईंशी बोलणं झालंय. गुरुवारी गाडी पाठवतील. त्याचं विमान उद्या दुपारचं, तेव्हा तो नसेल, पण सगळी व्यवस्था करूनच जाईल. “आणि तुला लांब पण नाही,” तो म्हणाला. “बघितलंस ना, चालत येता येईल. सोपी वाट आहे.”

आत त्यांना तिथली मॅनेजर बाई भेटली. मोतिया रंगाचा कोट, आवाजही मोतियाच. ती सगळ्याच म्हाताऱ्यांना आजी-आजोबा म्हणत होती आणि ‘आपण’ म्हणून बोलत होती, आता आपण जेवलो, आता आपण झोपणार. काचेच्या लांब खोलीत खुर्च्या नदीकडे तोंड करून मांडल्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीत एक म्हातारं माणूस धुऊन, विंचरून बसवलेलं होतं. एकाच्या हनुवटीवरून लाळ ओघळली. ती छातीवर पडायच्या आत एका मुलीने मागून येऊन ती टिपली. म्हातारा वळलाही नाही, तीही थांबली नाही. सगळीकडे कसल्यातरी गोड फुलांचा वास मारलेला होता, इतका दाट की तो घशात चिकटत होता. मॅनेजर बाईने अभिमानाने सांगितलं की लोक आधी तेच विचारतात, आणि इथे वास म्हणून येत नाही. बारकीला वाटलं, या वासाखाली काय असेल ते तरी एकदा येऊ दे, निदान खरं तरी असेल. तिला तिथे घटकाभरही उभं राहवेना. ती पुन्हा बाहेर वाटेवर आली, आणि दादा मागोमाग, चेहऱ्यावर अपराधीपणाचं आणि सुटकेचं असं मिश्र काहीतरी घेऊन.

जागेबद्दल काय बोलावं ते तिने मनात जुळवलं होतं. पण तोंडातून आलं ते वेगळंच. “लिफ्टमध्ये तू तोंड पुसलंस.”

दादा जागच्या जागी उभा राहिला. त्याचा कान लाल झाला, लहानपणी व्हायचा तसा. बारकी वाट बघत राहिली. तो नाही म्हणेल, हसण्यावारी नेईल, सर्दी-पडशाचं काहीतरी सांगेल, आणि मग ही किळस नीट पिकून तिच्या तोंडून बाहेर पडेल. किती वर्षांची ती साठली होती तिला ठाऊक नव्हतं, पण पुष्कळ होती. पण दादाने काही लपवलं नाही. तो कठड्याला टेकला आणि खालच्या पाण्याकडे बघत हळू आवाजात सांगू लागला. पहिल्या दिवशी आईजवळून उठून तो त्यांच्या न्हाणीघरात गेला होता आणि नळ मोठा सोडून ओकला होता. दुसऱ्या दिवशीही. रोज यायच्या आधी तो हॉटेलात काही खात नसे. आईच्या अंगाला वास येतो.

म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला येतोच, बारकी म्हणाली, आणि आम्ही तिला दिवसातून दोनदा पुसतो.

“तसा नाही गं. म्हातारपणाचं काही नाही,” दादा म्हणाला. “आई आहे ती. आपली नखं बघायची, कानामागे मळ राहिला तर शाळेच्या दारातून परत पाठवायची ती बाई. आणि ती त्यात पडलेली असते आणि माझ्याकडे बघत असते. मला वाटतं, तिलाही येतोय तो वास. तिला कळतंय मला येतोय. मला सहन होत नाही ते.” मग त्याने मान वळवून बहिणीकडे बघितलं. “तुला कसं गं काही होत नाही?”

“मला कशाचीच किळस येत नाही,” बारकी म्हणाली. ते ती आयुष्यभर म्हणत आली होती.

“हो. परवा बघितलं मी,” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात टोचणं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. “दाराशी उभा होतो. आईचे पाय वर धरून तू तिचं करत होतीस आणि मावशींशी पडद्याच्या कापडाबद्दल बोलत होतीस. आई मधे पडलेली. तिथे आई आहे असं तुमच्या दोघींच्या बोलण्यावरून वाटतच नव्हतं.”

बारकी उत्तर द्यायला गेली. शब्द तयारच होते. तू सात दिवसांचा पाहुणा, तुझं काय जातं. दुरून डोंगर साजरे. पुसायची वेळ आली की तुझं विमान असतं. सगळे शब्द खरे होते. पण त्यातला एकही तोंडात येईना, कारण तिला तो पडदा आठवत होता, निळा घ्यावा की करडा हेही आठवत होतं, आणि त्या वेळचा आईचा चेहरा काही केल्या आठवत नव्हता. तिने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. आईच्या टाचा आठवल्या, मांडीवरची सैल कातडी आठवली, पाठीवरची भरत आलेली जखम तर मापासकट आठवली. चेहऱ्याच्या जागी उशी होती. आणि तेवढ्यात जाळीखालून लोट आला, वाऱ्याने तो वास वर आणला, आणि दादा कठड्यावर वाकून ओकला. पन्नाशी पार केलेला, चार माणसांत मान असलेला माणूस, पोटातून कळवळून, उमाशांवर उमासे देत. पळणारा एकजण नाक मुरडून लांबून वळसा घालून गेला. बारकीचा हात सवयीने कपाळ धरायला पुढे झाला आणि अर्ध्यावर राहिला. ते आईचं काम होतं, तिचं नव्हे. तिचं काम पुसायचं. तिला त्या वाकलेल्या पाठीची घृणा वाटली, त्या फेसाची वाटली, बदकाची, लाल फुलांची, काचेआड मांडून ठेवलेल्या म्हाताऱ्यांची, आणि या सगळ्यांतून चालत चालत शेवटी ती जिथे येऊन थांबली तिथे तिचे स्वतःचेच हात होते, कोरडे, तरबेज, कशालाही न बिचकणारे.

दादा सरळ झाला. रुमालाने तोंड पुसलं. सकाळी फोन करतो, म्हणाला, गाडीचं तू सांगशील तसं. तू नको म्हणालीस तर मी काही बोलणार नाही. तो हॉटेलकडे गेला आणि बारकी एकटीच ती सोपी वाट परत चालून आली. ती काही केल्या संपेना.

घरी मावशी खांद्याला पिशवी लावून तयार होत्या. आत्ताच झालंय आजींना, म्हणाल्या, करूनच जाते. बारकीने त्यांना जा म्हटलं. कोमट पाणी घेतलं, फडकी घेतली, खोलीत गेली. हात आपोआप चालू लागले, पांघरूण दुमडलं, आईला कुशीवर केलं, आणि तेव्हा वास आला. रोजचाच. रोज तो येई आणि तिला त्यातून आज पोट कसं आहे तेवढंच कळे. आज तो कुणाचा तरी होता. ज्या बाईने पुलावर श्वास धरायला शिकवलं तिचा होता. बारकीच्या घशात उबळ आली, तिने ती गिळली, दुसरी आली ती गिळता आली नाही. ती हुंदक्यासारखी मोठ्याने बाहेर पडली, आणि तिने दचकून आईच्या चेहऱ्याकडे बघितलं.

आई तिच्याकडेच बघत होती. चेहऱ्याची एक बाजू ओघळलेली, दुसरी जागी. “घा,” आई म्हणाली.

झटक्यानंतर आईला दोन-चारच आवाज काढता येत होते आणि त्यांतला हा सगळ्यात जास्त. मावशींनी पहिल्याच महिन्यात त्याचा अर्थ लावून टाकला होता, आजी घास मागतात. दोन वर्षं आईने घा म्हटलं की कुणीतरी वाटी-चमचा घेऊन धावे. आई तोंड मिटून घेई. मग तिला आंजारून-गोंजारून, गालावर बोट दाबून, दोन घास तरी घालत. बारकीनेही घातले होते. घे गं, आत्ता तर मागितलंस.

“घा,” आई पुन्हा म्हणाली, आणि तिची नजर खाली, पांघरुणाकडे गेली.

बारकीच्या हातातलं फडकं ठिबकत होतं. “घाण?” तिने विचारलं.

आईने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी निघालं आणि उताराच्या बाजूने कानात गेलं. काही नाही गं आई, असं म्हणायची बारकीला सवय होती. काही घाण नाही, स्वच्छ आहेस तू, छान आहेस. जिभेवर आलेलं ते तिने मागे ढकललं.

“हो,” ती म्हणाली. “घाण आहे, आई. फार घाण आहे. मला आता ओकारी आली.”

आईच्या चेहऱ्याची जागी बाजू सैल पडली. इतकी सैल, की हसली की काय असं वाटावं. बारकीने मग सगळं केलं. एकदा थांबावं लागलं, न्हाणीघरात जाऊन यावं लागलं. आली तेव्हा डोळे लाल होते, आणि आई तिची वाट बघत होती. तिने आईला पुसलं, कोरडं केलं, अंगावर ताजं पांघरूण घातलं. मग पलंगाच्या कडेला बसून तिने आईला त्या काचेच्या इमारतीबद्दल सांगितलं. दादाने ठरवलंय, गुरुवारी गाडी येणार, तिथून नदी दिसते, तिथे वास येत नाही, बायका लगेच टिपून घेतात, आणि कुणाचं तोंड बघत नाहीत. सगळं सांगितलं, चांगलं आणि वाईट, प्रयोगशाळेतला निकाल सांगावा तसं. गाडीला ये म्हणायचं का नको, हे आता तिला एकटीला किंवा दादाला ठरवायचं नव्हतं. तुला काय वाटतं, तिने विचारलं. आजवर हे आईला कुणी विचारलं नव्हतं.

आई ओठ जुळवू लागली. ते जुळायला वेळ लागला.

“दा…र,” ती म्हणाली.

दादा म्हणायचंय का, बारकीने विचारलं. आईने नजरेनेच नाही म्हटलं, आणि नजर दाराकडे नेली. त्या खोलीचं दार झटक्यानंतर कधी लागलंच नव्हतं. काही झालं तर कळायला हवं म्हणून ते सताड उघडं असे, दिवसरात्र. मावशी, शेजारच्या बायका, डॉक्टर, पाणी देणारा, कुणीही येता-जाता आत डोकावे. बारकी उठली आणि तिने दार लावायला घेतलं. आतून लावू ना, तिने विचारलं. आईची नजर तिच्यावरून सरकली आणि दाराच्या पलीकडे गेली.

बारकीला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. ती बाहेर आली आणि तिने दार ओढून घेतलं. आत आई रडू लागली. घोगरं, वेडंवाकडं, अर्ध्या तोंडाचं, आवाजाला आवर न घालता, कुणीही बघत नसलेल्या माणसासारखं. बारकीचा हात कडीवर गेला. तो तिने तिथून काढून घेतला, आणि ती दाराबाहेर उभी राहिली.